‘बनाना’: एका शब्दाची कुळकथा

भुसावळच्या स्थानकावर लांब पल्ल्याची गाडी थांबली, म्हणजे एकच फळ चार नांवांनीं मागितलें जातें. फलाटावरील विक्रेता ‘केळीं’ म्हणून पुकारा करतो. खिडकींतील उत्तरेकडचा उतारू ‘केला’ मागतो. तापीकाठच्या खेड्यांतून आलेली वृद्ध बाई ‘ळ’चा ‘य’ करून ‘केय’ म्हणते. आणि तिच्या मांडीवरचा, नुकताच शाळेंत जाऊं लागलेला नातू ‘बनाना’ हवा म्हणून हट्ट धरतो. पहिलीं तीन नांवें एका कुळांतलीं आहेत, हें कानालाच कळतें. चवथें मात्र सर्वस्वीं निराळें. या चवथ्या नांवाचा, म्हणजे ‘बनाना’ या इंग्रजी शब्दाचा, कुळवृत्तांत आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

माझा विषय फळ नसून शब्द आहे. तथापि आपल्या या भागांत त्या दोहोंची फारकत करणें कठीण. भुसावळहून लोहमार्गाचे दोन फांटे निघतात; एक नागपूरकडे जातो, दुसरा खंडव्याकडे. या दुसऱ्या फांट्यानें तापी ओलांडली कीं सावदा, निंभोरा, रावेर हीं स्थानकें लागतात, आणि नदीपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत केळीच्या बागा पसरलेल्या दिसतात. या बागांतील माल पूर्वी रेल्वेच्या वाघिणी भरभरून दिल्लीकडे जात असे. आज त्याचा मोठा भाग ट्रकांतून जातो. ज्या मुलखाचें पोट एका फळावर भरतें, त्या मुलखानें त्या फळाच्या नांवाची विचारपूस करावी, हें योग्यच आहे. कारण नांव कोण ठेवतो आणि तें कोणाच्या तोंडीं राहतें, यावर पुढें बऱ्याच गोष्टी अवलंबून असतात.

इंग्रजी भाषेच्या कोठारांत पूर्वेकडील कित्येक खाद्यपदार्थ आपापलीं नांवें बरोबर घेऊन गेले आहेत. ‘शुगर’ हा शब्द आपल्या ‘शर्करे’चा वंशज आहे. ‘ऑरेंज’ हा ‘नारंगा’चा. ‘जिंजर’ची परंपरा ‘शृंगवेरा’पर्यंत जाऊन पोंचते. ‘मँगो’ हा मलबार किनाऱ्यावरील शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजांच्या तोंडीं गेला. हीं उदाहरणें पाहिलीं, म्हणजे ‘बनाना’ हा शब्दही असाच आपल्याकडून गेला असावा, असें सहज वाटूं लागतें. केळ तर आपल्या अंगणांतली, पूजेच्या मखरांतली आणि पंगतीच्या पानांतली! परंतु भाषेच्या इतिहासांत ‘असावा’ या शब्दाला मोल नाहीं. तेथें पुरावा लागतो. आणि या शब्दाचा एक अगदीं जुना पुरावा, आश्चर्याची गोष्ट अशी कीं, आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यांत छापलेल्या एका पुस्तकांत आहे.

तें पुस्तक १५६३ सालचें. त्याचा कर्ता गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला आणि अखेरपर्यंत तेथेंच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारींही वैद्य या नात्यानें त्याचें जाणें-येणें होतें. हिंदुस्थानांतील औषधी, मसाले व फळें यांची माहिती त्यानें दोन वैद्यांच्या संवादाच्या रूपानें लिहून ठेवली. केळ्याला त्या काळचे पोर्तुगीज ‘हिंदी अंजीर’ म्हणत. कारण नव्या वस्तूला जुन्या ओळखीच्या वस्तूचें नांव देणें, ही प्रवासी माणसाची जात्याच संवय असते. या ‘अंजिरा’च्या प्रकरणांत ओर्ता निरनिराळ्या लोकांनीं दिलेलीं नांवें नोंदवतो. दख्खन, गुजराथ, बंगाल येथील लोक याला ‘केली’ म्हणतात, मलबारी ‘पलम’ म्हणतात, मलायी लोक ‘पिसांग’ म्हणतात, असें तो सांगतो. आणि पुढें म्हणतो कीं, हीं फळें गिनींतही होतात व तेथें त्यांना ‘बनाना’ म्हणतात.

श्रोतेहो, या नोंदीकडे क्षणभर लक्ष द्या. गिनी म्हणजे आफ्रिकेचा पश्चिम किनारा. तेथील ‘बनाना’ आणि दख्खनचें ‘केळें’ या दोन शब्दांची गांठ गोव्याच्या छापखान्यांत, एकाच प्रकरणांत पडली. त्या घटकेला दोघांचाही दर्जा सारखाच होता. दोन्ही स्थानिक लोकांचे शब्द. दोन्ही पोर्तुगीजांच्या कानांना सारखेच परके. त्यानंतर चौतीस वर्षांनीं, १५९७ सालीं, काँगो देशाच्या एका वर्णनाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें, त्यांत ‘बनाना’ हा शब्द इंग्रजीमध्यें आढळतो. म्हणजे हा शब्द मूळचा पश्चिम आफ्रिकेचा, पोर्तुगीज खलाशांनीं उचललेला आणि त्यांच्याकडून इतर युरोपीय भाषांनीं घेतलेला. त्या किनाऱ्यावरील वोलोफ आदि भाषांत आजही हा शब्द जवळजवळ याच उच्चाराचा आहे.

या शब्दाची आणखी एक व्युत्पत्ति सांगण्यांत येते. अरबी भाषेंत ‘बनान’ म्हणजे बोटांचीं टोकें. केळें बोटासारखें दिसतें. तेव्हां शब्द अरबीच, असा हा युक्तिवाद आहे. तो ऐकावयास गोड आहे, पण टिकाऊ नाहीं. अरब लोक स्वतः केळ्याला ‘मौझ’ म्हणतात. घरांत नांव असतां त्यांनीं बोटाचें नांव दुसऱ्याला उसनें कां द्यावें? नुसत्या उच्चारसाम्यावर कूळ ठरवूं लागल्यास हिंदींत ‘बनाना’ म्हणजे ‘तयार करणें’ असा अर्थ होतो. पण तेवढ्यावरून इंग्रजी ‘बनाना’ हिंदींतून निघाला, असें कोणी म्हणत नाहीं. शब्दाची वाट दाखवावी लागते. तो कोठून निघाला, कोणाच्या तोंडून गेला, कोणत्या सालीं कोठें लिहिला गेला, या प्रश्नांना उत्तर मिळालें तरच कुळाचा निर्णय होतो.

आतां यांतली गंमत पाहा. शब्द आफ्रिकेचा ठरला, पण झाड आफ्रिकेचें नव्हे. केळीचे रानटी पूर्वज आग्नेय आशियाच्या व त्याच्या पलीकडील बेटांच्या रानांत आढळतात. न्यू गिनी बेटावरील कुक नांवाच्या दलदलीच्या जागीं सुमारें सात हजार वर्षांपूर्वीं केळ लावीत असत, याच्या खुणा उत्खननांत मिळाल्या आहेत. या बेटाला ‘नवी गिनी’ हें नांव १५४५ सालीं एका स्पॅनिश नाविकानें दिलें. तेथील माणसें पाहून त्याला आफ्रिकेंतील जुन्या गिनीची आठवण झाली. तेव्हां झाडाचा एक मूळ ठिकाणा नवी गिनी आणि शब्दाचें माहेर जुनी गिनी, असा हा योगायोग आहे. पूर्वेकडून निघालेली केळ समुद्रमार्गें आफ्रिकेंत पोंचली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून ती कॅनरी बेटांत गेली. आणि तेथून १५१६ सालीं एका स्पॅनिश धर्मोपदेशकानें तिचे कंद अटलांटिकपार हिस्पॅनिओला बेटावर नेले, असें तत्कालीन इतिहासकार लिहितो. पाहुण्यानें ज्या धर्मशाळेंत शेवटचा मुक्काम केला, तिचेंच नांव त्याच्या पाठीस लागावें, तसा हा प्रकार झाला.

तरीही इंग्रजांनीं ‘बनाना’ हा शब्द एकदम पत्करला नाहीं. हिंदुस्थानांतील इंग्रज एकोणिसाव्या शतकांत सर्व केळ्यांना ‘प्लँटेन’ म्हणत असे. १८८६ सालीं निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशांत तसें स्पष्ट नमूद आहे. हा ‘प्लँटेन’ स्पॅनिश ‘प्लातानो’वरून आला, आणि ‘प्लातानो’ म्हणजे वस्तुतः चिनाराच्या जातीचें रुंद पानांचें एक झाड. ग्रीक भाषेंतील ‘रुंद’ या अर्थाच्या शब्दाशीं त्याचा संबंध आहे. केळीचें पान रुंद, म्हणून तिला हें नांव मिळालें असावें. पुढें इंग्रजींत वांटणी झाली: शिजवून खाण्याचें तें ‘प्लँटेन’, पिकवून खाण्याचें तें ‘बनाना’. आपल्याकडे अशी वांटणी नांवांत नाहीं. कच्चें केळें आणि पिकलें केळें, एवढ्या विशेषणानेंच आपलें काम भागतें.

शास्त्रज्ञांनीं केळीला दिलेलीं लॅटिन नांवेंही मोठीं मौजेचीं आहेत. लिनियसनें १७५३ सालीं एका केळीस ‘म्यूसा पॅरडिसियाका’, म्हणजे नंदनवनांतली, आणि १७५९ सालीं दुसरीस ‘म्यूसा सेपिएंटम’, म्हणजे ज्ञानी पुरुषांची, असें नांव दिलें. हे ज्ञानी पुरुष म्हणजे आपल्याकडील ऋषिमुनी. हिंदुस्थानांतील तत्त्ववेत्ते एका मोठ्या पानांच्या झाडाचें गोड फळ खाऊन राहतात, अशी हकीकत रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांत लिहून ठेवली होती, तिची ही आठवण. आजचें शास्त्र या दोन नांवांना दोन स्वतंत्र जाती मानीत नाहीं; दोन रानटी जातींच्या संकराचींच तीं रूपें ठरलीं आहेत. ‘म्यूसा’ हा शब्द मात्र अरबी ‘मौझ’वरून घेतलेला आहे, आणि त्या ‘मौझ’चें नातें संस्कृत ‘मोचा’शीं असावें, असें कांहीं पंडितांचें मत आहे.

‘मोचा’चें नांव निघालें, तेव्हां आतां आपल्या घरांत डोकावूं. अमरकोशांत केळीला कदली, रंभा, मोचा इत्यादि नांवें दिलीं आहेत. त्यांपैकीं ‘कदली’ हें आपल्या केळीचें मूळ. दोन स्वरांच्या मधला ‘द’ प्राकृतांत गळाला आणि ‘कयली’, ‘केली’ अशीं रूपें झालीं. मराठीनें आपल्या नित्याच्या रीतीप्रमाणें ‘ल’चा ‘ळ’ केला, आणि केळ झाली. तापीकाठच्या बोलींत याच ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा ‘डोया’ होतो तशी केळीची ‘केय’ होते. येथें सावध राहिलें पाहिजे. प्राकृत ‘कयली’तला ‘य’ आणि आपल्या बोलींतला ‘य’ हे एक नव्हेत. पहिला ‘द’च्या जागीं आला, दुसरा ‘ळ’च्या जागीं, दोहोंमध्यें शतकांचें अंतर आहे. पण शिकलेला मनुष्य ज्या उच्चाराला गांवढळ म्हणून हंसतो, तोही भाषेच्या नियमानेंच घडलेला आहे, एवढें यावरून ध्यानांत यावें.

मराठीनें केळीच्या बाबतींत जो बारकावा राखला आहे, तो इंग्रजींत नाहीं. ‘ती केळ’ म्हणजे झाड आणि ‘तें केळें’ म्हणजे फळ. बोरी आणि बोर यांत जो भेद तोच हा. इंग्रजाला झाड म्हणावयाचें झाल्यास ‘बनाना’पुढें दुसरा शब्द जोडावा लागतो. तीच गोष्ट अवयवांची. केळीचा घड, कोंकणांत त्यालाच लोंगर म्हणतात. घडाच्या एकेका थराला आपण फणी म्हणतों. इंग्रज व्यापारी तिला ‘हँड’, म्हणजे हात म्हणतो, आणि सुट्या फळाला ‘फिंगर’, म्हणजे बोट. त्याला हात दिसला, आपल्या आजीबाईंना केंस विंचरण्याची फणी दिसली! शिवाय भाजीचें केळफूल, आंतला गाभा, फुलांचे हार बांधावयाचें सोपट, बुंध्याशीं फुटणारे मुनवे, हीं सारीं एकेका शब्दानें ओळखलीं जातात. जून-जुलैंत लावलेली ती मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरांत लावलेली ती कांदेबाग, आणि पहिला घड उतरल्यावर फुटव्यावर राखलेली ती पिलबाग. शेतकऱ्याचें सगळें पंचांग या तीन शब्दांत सामावलेलें आहे.

झाडाविषयींची दृष्टि निराळी असली, म्हणजे शब्दाचे लाक्षणिक अर्थही निराळे होतात. आपल्याकडे केळीचे खांब मंगलकार्यांत उभे राहतात, कवींनीं ‘रंभे’ला अप्सरेचें नांव दिलें, आणि तत्त्वज्ञांनीं तिच्याच खोडाला असारतेचें प्रतीक केलें, कारण सोपटामागून सोपट सोलीत गेलें तरी आंत टणक लांकूड म्हणून मिळत नाहीं. इंग्रजींत काय झालें? तेथें ‘बनानाची साल’ म्हणजे थोर माणसाचा पाय घसरून फजिती होण्याचा प्रसंग. ‘बनाना होणें’ म्हणजे वेड्यासारखें वागणें. हा दुसरा अर्थ तर अमेरिकेंत १९६० नंतरच्या काळांत रूढ झाला. परंतु या सर्वांहून एक अर्थ असा आहे कीं, तो आपण खानदेशच्या लोकांनीं नीट समजून घेतला पाहिजे.

१८७० नंतर आगबोटींतून, आणि पुढें थंड केलेल्या कोठ्यांतून, मध्य अमेरिकेचीं केळीं संयुक्त संस्थानांत जाऊं लागलीं. १८९९ सालीं युनायटेड फ्रूट कंपनी स्थापन झाली. बागा तिच्या, रेल्वे तिची, बंदरें तिच्या ताब्यांत, जहाजेंही तिचींच. ज्या देशाच्या जमिनींत हें पिकत असे, त्या देशाचें सरकारही पुष्कळदां तिच्याच मुठींत. ओ. हेन्री या टोपणनांवानें लिहिणारा अमेरिकन कथालेखक १८९६-९७ च्या सुमारास होंडुरास देशांत लपून राहिला होता. तेथें पाहिलेल्या परिस्थितीवरून त्यानें १९०४ सालच्या आपल्या पुस्तकांत एका काल्पनिक देशाला ‘बनाना रिपब्लिक’, म्हणजे केळ्यांचें प्रजासत्ताक, असें म्हटलें. तो शब्दप्रयोग जगभर रूढ झाला. आज वर्तमानपत्रांत तो नालायक, लांचखाऊ, दुसऱ्याच्या तालावर नाचणाऱ्या राज्याला शिवी म्हणून वापरतात.

पण शिवी कोणाला बसली? ज्याच्या घामावर केळें पिकलें त्याला! १९२८ च्या डिसेंबरांत कोलंबिया देशांतील सिएनागा गांवीं या कंपनीच्या संपवाल्या मजुरांवर सरकारी फौजेनें गोळ्या झाडल्या. ग्वातेमालाच्या लोकनियुक्त अध्यक्षानें कंपनीची पडीक जमीन भूमिहीनांना वांटण्यास आरंभ केला, तेव्हां १९५४ सालीं अमेरिकेच्या पाठिंब्यानें त्याची सत्ता उलथून टाकण्यांत आली. नफा एकानें घेतला, आणि नांव मात्र दुसऱ्याचें खराब झालें. ‘केळीं खातां हरखलें, हिशेब देतां चरकलें’ अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें खाणारा एक आणि हिशेब देणारा दुसरा, असा प्रकार झाला. ज्यांना आपल्या पिकाचा भाव ठरवतां आला नाहीं, त्यांना आपलें नांवही ठरवतां आलें नाहीं, हा या शब्दाच्या इतिहासांतील कडू भाग आहे.

आपली स्थिति तशी नाहीं, ही समाधानाची गोष्ट आहे. येथली बाग शेतकऱ्याची स्वतःची असते, आणि जगांतील केळ्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा पिकवणारा हा देश त्यांतील बहुतेक माल स्वतःच खातो. तथापि व्यापाराच्या मागोमाग नांवें कशीं बदलतात आणि नांवांच्या मागोमाग जाती कशा कमी होतात, याचें प्रत्यंतर आपल्याही शेतांत पाहावयास मिळतें.

१८३० च्या सुमारास मॉरिशस बेटांतील एक बुटकी केळ इंग्लंडांत पोंचली. डेव्हनशायरचा उमराव विल्यम कॅव्हेंडिश याच्या चॅट्सवर्थ येथील काचगृहांत जोसेफ पॅक्स्टन या त्याच्या माळ्यानें ती वाढवली. १८३५ सालीं ती फुलली, आणि धन्याच्या आडनांवावरून तिला कॅव्हेंडिश हें नांव पडलें. याच बुटक्या कॅव्हेंडिशला आपण ‘बसराई’ म्हणतों. पुष्कळ वर्षें जळगांव जिल्ह्यांतील बागा मुख्यतः बसराईच्याच होत्या. मागाहून, १९९० नंतरच्या काळांत, ऊतिसंवर्धनानें तयार केलेलीं ‘ग्रँड नैन’ जातीचीं रोपें आलीं. हा शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा अर्थ ‘थोरली ठेंगणी’ असा आहे. कॅव्हेंडिशच्या बुटक्या कुळांतली त्यांतल्या त्यांत उंच, म्हणून हें नांव. आमच्या बागाईतदारानें त्या फ्रेंच शब्दाशीं झटापट न करतां त्याचें ‘जी-नाईन’ करून टाकलें. पुढें एखादा पंडित या ‘नाईन’चा अर्थ नऊ असा लावून पहिल्या आठ जाती शोधीत बसला, तर नवल वाटावयास नको!

हा विनोदाचा भाग सोडून दिला, तरी त्यामागें एक गंभीर गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या व युरोपच्या बाजारांत ‘बनाना’ म्हणजे ‘ग्रो मिशेल’ ही एकच जात होती. पनामा नांवाचा मर रोग पडला आणि बागाच्या बागा बसल्या. व्यापाऱ्यांना ती जात सोडून कॅव्हेंडिश धरावी लागली. केळीला बीं नाहीं. प्रत्येक रोप हें मातृरोपाचीच प्रतिमा. म्हणून एक झाड ज्या रोगाला बळी पडतें, त्याला त्या जातीचीं सारीं झाडें बळी पडूं शकतात. त्याच रोगाचा नवा प्रकार आतां कॅव्हेंडिशलाही ग्रासतो, आणि तो आपल्या देशांत बिहार व उत्तर प्रदेश या प्रांतांत आढळलेला आहे. सगळ्या जगाचा ‘बनाना’ एकच असणें, हें बाजाराच्या सोयीचें. पण शेताच्या दृष्टीनें तो मोठाच धोका आहे.

आतां मराठी नांवांची यादी आठवून पाहा. राजेळी, जिचीं सुकेळीं वसईकडे करतात, चिमुकली वेलची, सोनकेळ, मुठेळी, हरीसाल, लाल केळ, आणि आपली बसराई. यांपैकीं प्रत्येक नांव म्हणजे निराळी चव, निराळी माती, निराळा उपयोग. ‘बनाना’ हा शब्द उच्चारला, म्हणजे हे सारे भेद पुसले जातात. डोळ्यांपुढें एकच पिवळें, गुळगुळीत फळ उभें राहतें. जो शब्द गिनीच्या किनाऱ्यावर गरीब लोकांच्या तोंडीं होता, त्याचा यांत कांहीं दोष नाहीं. तो आक्रसला तो बाजारानें. आणि ज्या जातीचें नांव घरांत कोणाला ठाऊक नाहीं, ती जात शेतांत कोणी मुद्दाम राखीत नाहीं.

म्हणून मी ‘बनाना’वर बहिष्कार घाला, असें सांगणार आहें काय? मुळींच नाहीं. अननस, पपई, पेरू, काजू, बटाटा हे शब्द आपणही पोर्तुगीजांकडूनच घेतले, आणि आज ते कोणास परके वाटत नाहींत. ज्या गलबतांनीं ‘बनाना’ युरोपांत नेला, तसल्याच गलबतांनीं आपल्याकडे ‘अननस’ आणला. शब्दांची अशी देवघेव होणें, हें जिवंत भाषेचें लक्षण आहे. मुलानें ‘बनाना’ हा शब्द अवश्य शिकावा. शक्य तर गिनी, गोवें आणि ग्वातेमाला यांच्या हकीकतीसह शिकावा. पण नवा शब्द आला म्हणून जुन्यानें घर सोडावें, असा कांहीं नियम नाहीं.

नांवाला किंमत असते, हें आतां कायद्यानेंही मानलें आहे. २०१६ सालीं जळगांवच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे या मातींत पिकलेल्या फळालाच हें नांव लावण्याचा अधिकार राहिला. बाहेरच्या बाजारांत नांव राखण्याची व्यवस्था झाली. घरांतलीं नांवें राखण्याचें काम आपलें आपणच केलें पाहिजे. त्याला मोठा खटाटोप नको. सावदा-रावेरकडील शाळेंतल्या गुरुजींनीं मुलांना एकदां बागेंत न्यावें, आणि घड, फणी, केळफूल, सोपट, मुनवा हीं नांवें वस्तूवर बोट ठेवून विचारावींत. ज्याच्या घरीं राजेळीचा किंवा वेलचीचा कंद असेल, त्यानें तो परसांत एका कोपऱ्यांत जपावा, आणि नातवंडाला त्याचें नांव सांगावें. आजीनें ‘केय’ म्हटलें, तर नातवानें हंसूं नये. तो उच्चार कोठून आला, हें आतां त्याला सांगतां येईल.